प्रोपिडियम आयोडाइड: पावडर घ्यावी की तयार बाटली?

कॅन्सरच्या पेशींमधला डीएनए फ्लो सायटोमीटरवर (एकेक पेशी लेझरसमोरून नेऊन तिची चमक मोजणाऱ्या मशीनवर) मोजायचा आहे आणि मशीनला ४८८ नॅनोमीटरचा निळा लेझर तेवढा आहे, तर रंग कुठला मागवावा? हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. मी पुण्यात एका संशोधन विभागाचं फ्लो सायटोमीटर सांभाळते. पीएचडीची मुलंमुली बर्फाच्या डब्यात ट्यूबा घेऊन येतात, मी त्या रन करते आणि मग आम्ही शेजारी बसून हिस्टोग्राम, म्हणजे किती चमकेच्या किती पेशी याचा आलेख, वाचतो. माझं उत्तर इतकी वर्षं एकच आहे: प्रोपिडियम आयोडाइड घ्या. आम्ही त्याला पीआय म्हणतो. तो दोन रूपांत मिळतो, गडद लाल पावडर आणि आरएनएझ (आरएनए तोडणारं एन्झाइम) घातलेलं तयार द्रावण. दोन्ही मी भरपूर वापरलंय आणि दोन्हींबद्दल माझी मतं पक्की आहेत.

आधी रंगाबद्दल. पीआयचा रेणू डीएनएच्या बेस-जोड्यांच्या मधल्या फटीत जाऊन बसतो, साधारण चार-पाच जोड्यांमागे एक. जोडी एटी आहे की जीसी, याचा त्याला फारसा फरक पडत नाही. एकदा बसला की त्याची चमक वीस ते तीस पट वाढते. बसलेला पीआय ५३५ नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत जास्त प्रकाश शोषतो आणि ६१७च्या आसपास सोडतो. म्हणजे ४८८चा लेझर त्याच्या शिखरावर नाही, उतारावर पडतो. पण पेशीत डीएनए इतका असतो की सिग्नल कमी पडत नाही. एक लेझरची जुनी मशीनं अजून कितीतरी कॉलेजांत चालू आहेत, त्या सगळ्यांवर हा रंग चालतो. १९७३मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या क्रिसमन आणि स्टाइनकॅम्प यांनी फ्लोसाठी तो वापरला, १९७५मध्ये अवतार कृष्ण यांनी ०.१ टक्का सोडियम सायट्रेटमध्ये पीआय घालून पेशी झटपट रंगवायची पद्धत छापली. त्यांनी वापरलेलं प्रमाण होतं मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम. आजही बहुतेक लॅबच्या वहीत हाच आकडा लिहिलेला सापडेल.

आता पैशांचं गणित, कारण ग्रँटचे पैसे जपून वापरावे लागतात. पावडरची २५ मिलिग्रॅमची बाटली घेतली आणि मिलिलिटरला एक मिलिग्रॅम असा स्टॉक केला, तर २५ मिलिलिटर स्टॉक होतो. ५० मायक्रोग्रॅमच्या प्रमाणाने त्यातून ५०० मिलिलिटर रंगाचं द्रावण निघतं. एका सॅम्पलला अर्धा मिलिलिटर धरला तर हजार सॅम्पल. तयार द्रावणाच्या १०० मिलिलिटरच्या बाटलीत, तेवढंच वापरलं तर, दोनशे. ज्यांच्याकडे आठवड्याला दोन-तीन प्लेटभर सॅम्पल येतात त्यांनी पावडरच घ्यावी. स्टॉक गडद रंगाच्या बाटलीत किंवा फॉइल गुंडाळून चार अंशावर ठेवला की महिनोन् महिने टिकतो. पावडर तोलताना मात्र ग्लव्ह्ज आणि मास्क हवाच. डीएनएमध्ये घुसणारा पदार्थ आहे, आपल्या डीएनएला तो वेगळं वागवणार नाही. पावडर तोलायचीच नसेल तर बाटलीतच मोजून पाणी घालून सगळी विरघळवा. मी तसंच करते.

तयार बाटलीची जमेची बाजू म्हणजे वेळ आणि सोय. फिक्स केलेल्या (इथेनॉलने आहेत तशा जपलेल्या) पेशी धुवायच्या, दहा लाख पेशींवर अर्धा मिलिलिटर घालायचं, रूम टेम्परेचरला अंधारात १५ ते ३० मिनिटं ठेवायचं आणि मशीनवर लावायचं. आरएनएझ वेगळं उकळा, पीएच जुळवा, हे काही नाही. एमएस्सीचा प्रोजेक्ट करणारी मुलगी वर्षातून दोनदा सेल सायकलचा (पेशीविभाजनाच्या टप्प्यांचा) प्रयोग करणार असेल तर तिने पावडरच्या भानगडीत पडू नये, तयार बाटली घ्यावी, असं मी मनापासून सांगते.

तक्रारी दोन आहेत. एका पुरवठादाराच्या तयार द्रावणाच्या दोन लॉटमध्ये जी-१चा पीक (डीएनए दुप्पट होण्याआधीच्या पेशींचं आलेखातलं शिखर) एकाच व्होल्टेजला एकाच जागी येत नव्हता. फरक मोठा नव्हता, पण एका प्रयोगातल्या निम्म्या ट्यूबा एका लॉटच्या आणि निम्म्या दुसऱ्या लॉटच्या असल्या की तुलना बिघडते. तेव्हा एक प्रयोग एकाच बाटलीतून संपवा. दुसरी तक्रार कॅन्सरच्या पेशींबाबतच आहे. भराभर वाढणाऱ्या पेशीत आरएनए ठासून भरलेला असतो आणि पीआय दुहेरी धाग्याच्या आरएनएवरही जाऊन बसतो. लेबलवरची १५ मिनिटं लिम्फोसाइटला (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींना) पुरतात, के-५६२सारख्या ल्युकेमियाच्या पेशींना पुरत नाहीत. जी-१चा पीक उजवीकडे पसरतो, एस फेज (डीएनए दुप्पट होत असतानाचा टप्पा) फुगलेला दिसतो आणि औषधाने पेशी एस फेजमध्ये अडकल्या असा खोटा निष्कर्ष निघू शकतो. तीच ट्यूब ३७ अंशावर अर्धा तास ठेवली की पीक आवळतो. खात्री करायची सोपी युक्ती: एका जादा ट्यूबमध्ये आरएनएझ दुप्पट घाला. पीकची रुंदी तेवढीच राहिली तर पहिल्या ट्यूबमध्ये आरएनएझ पुरेसं होतं.

पावडरवाल्यांना आरएनएझ स्वतः घालावं लागतं. मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅम मी घालते, सोबत ०.१ टक्का ट्रायटन हे डिटर्जंट. आरएनएझवर डीएनएझ-मुक्त असं लिहिलेलं नसेल तर ते आधी उकळत्या पाण्यात १० ते १५ मिनिटं ठेवा. आरएनएझ ए उकळून मरत नाही, त्यात मिसळलेलं डीएनएझ मरतं. ही पायरी गाळली तर आपण जो डीएनए मोजायला बसलो आहोत तोच कुरतडला जातो आणि जी-१च्या डावीकडे कचऱ्याची रास दिसते. मग ती रास अपॉप्टोसिस (पेशींचा नियोजित मृत्यू) म्हणून थिसिसमध्ये जाते. सब-जी-१, म्हणजे जी-१च्या डावीकडची रास, हे अपॉप्टोसिसचं लक्षण म्हणून मोजायची निकोलेटींची १९९१ची पद्धत चांगली आहे, पण आरएनएझ वापरत असाल तर ते स्वच्छच हवं.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहायला घेतलं ती. रंग पावडरचा असो की तयार बाटलीतला, पीक कुठे येणार आणि किती रुंद येणार हे सर्वांत जास्त ठरतं ट्यूबमध्ये पेशी किती आहेत यावर. मुलंमुली फिक्स करण्याआधी पेशी मोजतात, धुताना हरवलेल्या पेशी मोजत नाहीत, आणि मग अंदाजाने अर्धा मिलिलिटर घालून मोकळी होतात. कंट्रोल ट्यूबमध्ये चाळीस लाख, औषध दिलेल्या ट्यूबमध्ये चार लाख. "मॅडम, औषधाने जी-१ उजवीकडे सरकला," असं म्हणत ती येतात. औषधाने काही सरकलेलं नसतं.

हिशोब करून पाहा. अर्ध्या मिलिलिटरमध्ये २५ मायक्रोग्रॅम पीआय, म्हणजे सुमारे ३७ नॅनोमोल. माणसाच्या साध्या द्विगुणित (गुणसूत्रांचे दोन संच असलेल्या) पेशीत साडेसहा-सात पिकोग्रॅम डीएनए असतो. अशा दहा लाख पेशींमध्ये सात मायक्रोग्रॅम डीएनए झाला, म्हणजे सुमारे दहा-अकरा नॅनोमोल बेस-जोड्या. चार-पाच जोड्यांमागे एक रेणू धरला तर दोन-अडीच नॅनोमोल रंग बसेल. रंग गरजेच्या पंधरा पट आहे, प्रत्येक पेशीला हवा तेवढा मिळतो. आता कॅन्सरच्या पन्नास लाख पेशी घ्या, ज्यांच्यात डीएनए जवळजवळ दुप्पट आहे. स्तनाच्या कॅन्सरच्या एमसीएफ-७ पेशींतच पाहा, गुणसूत्रं ४६ नसून ८२च्या आसपास असतात. रंगाची गरज वीस-पंचवीस नॅनोमोलवर जाते, म्हणजे असलेल्या रंगातला निम्म्याहून अधिक रंग पेशींवर बसायला हवा. पंगत शंभराची आणि श्रीखंड साठांचं असलं की वाढपी आपसूक हात आखडतो, तसं ट्यूबमध्ये होतं: सगळ्याच पेशींना थोडा थोडा कमी रंग मिळतो. जी-१चा पीक डावीकडे सरकतो, रुंद होतो, आणि जी-२चा (डीएनए दुप्पट झालेल्या पेशींचा) पीक दुपटीच्या जागी येत नाही.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक ट्यूबमधल्या पेशी शेवटच्या धुण्यानंतर पुन्हा मोजल्या जातात. दहा लाखांना अर्धा मिलिलिटर, पाच लाख असतील तर पाव मिलिलिटर. पेलेटवर (तळाशी बसलेल्या पेशींवर) उरलेलं पाणीही रंग पातळ करतं, तेव्हा सुपरनेटंट (वरचं पाणी) नीट काढा. आणि रंगवल्यावर धुऊ नका. पीआय डीएनएवर कायमचा चिकटलेला नसतो, द्रावणातला आणि डीएनएवरचा रंग यांचा तोल असतो. धुतलं की तो तोल मोडतो आणि पेशीतून रंग बाहेर यायला लागतो. अँटिबॉडीची सवय असलेल्यांना हे पटायला वेळ लागतो, कारण त्यांचा हात रंगवलं की धुण्याकडे आपोआप जातो.

फिक्सिंगबद्दल थोडक्यात, पण ते रंगाइतकंच महत्त्वाचं. पेशी अर्धा मिलिलिटर पीबीएसमध्ये (क्षारयुक्त बफरमध्ये) आधी अगदी मोकळ्या करा, गुठळी राहू देऊ नका. मग त्या साडेचार मिलिलिटर थंडगार ७० टक्के इथेनॉलमध्ये सोडा, थेंब थेंब, ट्यूब व्हॉर्टेक्सवर हलती ठेवून. पेलेटवर इथेनॉल ओतलं तर पेशी आहेत तशा एकमेकींना चिकटून फिक्स होतात आणि नंतर कुठल्याही जाळीने सुटत नाहीत. निदान दोन तास, जमलं तर रात्रभर, उणे वीस अंशावर. तिथे त्या आठवडेच्या आठवडे चांगल्या राहतात, त्यामुळे वेगवेगळ्या वेळच्या ट्यूबा साठवून एकाच दिवशी रंगवता येतात आणि ते केव्हाही चांगलं. इथेनॉलमधल्या पेशी हलक्या होतात, सेंट्रिफ्यूज थोडं जोरात फिरवावं लागतं. फॉर्मॅल्डिहाइड टाळा, त्याने प्रथिनांचं जाळं घट्ट होतं आणि पीआयला डीएनएवर जागा कमी मिळते. अपवाद एकच, पेशीत जीएफपी हे हिरवं चमकणारं प्रथिन घातलेलं असेल तर. नुसत्या इथेनॉलमध्ये जीएफपी पेशीतून गळून जातं, म्हणून आधी सौम्य फॉर्मॅल्डिहाइड आणि मग इथेनॉल असा क्रम ठेवावा लागतो. पीक थोडा रुंद येतो, तो मान्य करावा.

मशीनवर आल्यावर तीन गोष्टी. डीएनए नेहमी लिनियर स्केलवर पाहा. २,६२,१४४ चॅनेलच्या स्केलवर मी साध्या लिम्फोसाइटचा जी-१ पन्नास हजारावर आणते. कॅन्सरच्या पेशीचा डीएनए इंडेक्स (साध्या पेशीच्या किती पट डीएनए) १.७ असला तर तिचा जी-१ पंच्याऐंशी हजारावर येतो आणि जी-२ एक लाख सत्तर हजारावर, सगळं पडद्यावर मावतं. जी-१ लाखावर आणून ठेवणाऱ्यांचा ट्यूमरचा जी-२ स्केलबाहेर पडतो आणि तो नव्हताच असं वाटतं. दुसरं, सॅम्पल सर्वांत मंद वेगाने चालवा. जुन्या फॅक्सकॅलिबर मशीनवर तो मिनिटाला १२ मायक्रोलिटर आहे. वेग वाढवला की मधला प्रवाह जाड होतो, पेशी लेझरच्या मधोमध न जाता कडेने जातात आणि प्रत्येकीवर सारखा प्रकाश पडत नाही. सेकंदाला दोन-तीनशे पेशी, ट्यूबमागे वीस हजार, यात कंटाळा करू नका. तिसरं, चिकटलेल्या जोड्या गाळा. जी-१च्या दोन पेशी चिकटल्या तर त्यांचा डीएनए जी-२च्या एका पेशीएवढाच भरतो, पण जोडीला लेझर ओलांडायला जास्त वेळ लागतो. एरिया आणि विड्थ यांचा आलेख काढला की त्या बाजूला पडलेल्या दिसतात. हे गेट न लावता काढलेले जी-२चे टक्के मी वाचतच नाही.

पहिल्या ट्यूबआधी नुसतं रंगाचं द्रावण थोडा वेळ चालवा. पीआय नळीच्या आतल्या भिंतीवर बसतो, ती भिंत रंगून झाली की मग पेशींचा रंग तिथे कमी होत नाही. उलट काम संपल्यावर ब्लीच आणि पाणी भरपूर चालवा, नाहीतर पुढच्या माणसाच्या न रंगवलेल्या पेशी लाल दिसतील.

पीक किती चांगला हे आम्ही सीव्हीवरून, म्हणजे सरासरीच्या टक्क्यांत मोजलेल्या पसरटपणावरून, ठरवतो. इथेनॉलमध्ये फिक्स केलेल्या सेल लाइनला (लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशींना) तीन ते पाच टक्के सीव्ही मला हवाच असतो. एस फेज काढायचा असेल तर सीव्ही आठ टक्क्यांच्या आत हवा, असा दंडक १९९३मध्ये डीएनए सायटोमेट्रीच्या मार्गदर्शक सूचनांत घालून दिलेला आहे. ट्यूमरच्या बाबतीत मी त्याहून कडक आहे. ट्यूमरमध्ये साध्या पेशी असतातच, आणि कॅन्सरच्या पेशींचा डीएनए इंडेक्स १.१ असला तर दोन पीकमधलं अंतर फक्त दहा टक्के. सीव्ही सहा असेल तर प्रत्येक पीक अर्ध्या उंचीवर चौदा टक्के रुंद असतो, दोन्ही एकात एक मिसळून जातात आणि अहवालात द्विगुणित असं लिहिलं जातं. सीव्ही अडीच असेल तर ती रुंदी सहाच्या आत येते आणि दोन पीक वेगळे उभे राहतात. एकाच ट्यूमरचे दोन वेगळे अहवाल अशाने निघतात.

सेल लाइन सोडून खऱ्या गाठीचा तुकडा आला की पूर्ण पेशींचा आग्रह सोडा, केंद्रकं काढा. व्हिंडेलॉव यांची १९८३ची पद्धत आजही माझी आवडती आहे. सायट्रेट बफरमध्ये डिटर्जंट आणि ट्रिप्सिन, मग ट्रिप्सिन थांबवणारं द्रव्य आणि आरएनएझ, मग पीआय आणि स्पर्मिन. तीन द्रावणं एकामागोमाग एकाच ट्यूबमध्ये, मध्ये स्पिन नाही, धुणं नाही. पेशीरस निघून गेल्यामुळे आरएनए कमी, चिकटणं कमी, आणि सीव्ही तीनच्या आतसुद्धा येतो. शेवटी नायलॉनच्या बारीक जाळीतून गाळायचं. तयार बाटली इथे कामाची नाही, पावडरच लागते. पॅराफिनमधल्या जुन्या ब्लॉकसाठी हेडली यांची, तीही १९८३चीच पद्धत आहे, ३० मायक्रॉनचे जाड काप आणि पेप्सिन. पण कापताना केंद्रकं चिरली जातात, कचरा खूप येतो. ताजा किंवा गोठवलेला तुकडा मिळत असेल तर ब्लॉकच्या वाटेला जाऊ नये.

प्रत्येक ट्यूमरसोबत ओळखीचा डीएनए हवा. निरोगी माणसाचे लिम्फोसाइट सर्वांत उत्तम. त्याखेरीज कोंबडीच्या लाल रक्तपेशी. त्यांना केंद्रक असतं आणि डीएनए २.५ पिकोग्रॅम, माणसाच्या पेशीच्या एक तृतीयांशाहून थोडा जास्त, त्यामुळे त्यांचा पीक डावीकडे वेगळा पडतो आणि कशाच्याच मध्ये येत नाही. बाजारात तयार मिळतात, पण चिकनच्या दुकानात हेपरिन (रक्त गोठू न देणारं द्रव्य) घातलेली ट्यूब घेऊन गेलं तरी काम होतं. त्या सॅम्पलच्या ट्यूबमध्येच मिसळा, वेगळ्या ट्यूबमध्ये ठेवू नका, म्हणजे रंग कमी पडला तर त्यांचाही पीक सरकेल आणि चोरी लगेच उघडी पडेल.

आता जिथे मी पीआय सुचवत नाही ते. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये, म्हणजे बी-सेल लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात, डीएनए इंडेक्स १.१६ किंवा जास्त असणं म्हणजे साधारण पन्नासच्या वर गुणसूत्रं असणं, आणि अशा मुलांचा आजार उपचारांना चांगला साथ देतो. याउलट ज्यांच्या ब्लास्टमध्ये (ल्युकेमियाच्या अपरिपक्व पेशींमध्ये) २४ ते ३१ गुणसूत्रं असतात ती मुलं जास्त धोक्यात असतात. त्यातही काही वेळा त्या पेशी सगळी गुणसूत्रं दुप्पट करतात आणि वरकरणी पहिल्या, चांगल्या गटातल्या दिसतात. इथे हिस्टोग्राममधला छोटासा पीकही सोडून चालत नाही, आणि बोन मॅरोमध्ये ब्लास्टसोबत साध्या पेशींची गर्दी असते. आधी अँटिबॉडीने ब्लास्ट वेगळे ओळखावे आणि मग फक्त त्यांचाच डीएनए पाहावा, हे उत्तम. पीआय इथे आडवा येतो, कारण त्याचा प्रकाश ५८०पासून ७००पर्यंत पसरतो आणि निळ्या लेझरवरचे दोन-तीन डिटेक्टर एकटा व्यापतो. जांभळा ४०५चा लेझर असेल तर एफएक्ससायकल व्हायोलेट घ्या. त्याचा प्रकाश ४५०च्या आसपास येतो, बाकीचे रंग अँटिबॉडींना मोकळे राहतात, आणि आरएनएझही लागत नाही. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये, टाटा मेमोरियलच्या गटाने, हाच रंग सहा रंगांच्या इम्युनोफेनोटायपिंगसोबत (अँटिबॉडींनी पेशींचा प्रकार ओळखण्यासोबत) एकाच ट्यूबमध्ये वापरायची पद्धत बसवली आणि २०१६मध्ये छापली. आपल्याकडच्या सॅम्पलवर, आपल्याकडच्या रुग्णांसाठी बसवलेली पद्धत आहे, ल्युकेमियावर काम करणाऱ्या प्रत्येकाने ती वाचावी. मला तिचं फार अप्रूप आहे.

डॅपी हा रंगही चांगला. यूव्ही लेझरवर त्याचा सीव्ही पीआयपेक्षा सरस येतो आणि आरएनए त्याला फारसा भुलवत नाही. मात्र तो एटी जोड्यांकडे झुकतो, आणि नुसत्या निळ्या लेझरवर तो दिसतच नाही. सात-एएडी हा रंग जीसीकडे झुकतो, त्याचा सीव्ही मला डीएनए मोजण्यासाठी समाधानकारक वाटलेला नाही. मेलेल्या पेशी गाळायला मात्र तो उत्तम.

जिवंत पेशी रंगवायच्या असतील तर पीआय मुळात आतच जात नाही. तिथे होएश्ट ३३३४२ किंवा डायसायकल व्हायोलेट हे रंग. पण ट्यूमरच्या पेशींवर हे वापरताना सावध राहा. अनेक कॅन्सरच्या पेशींच्या पटलावर एबीसीजी-२ नावाचा पंप असतो, जो औषधं बाहेर फेकतो तसाच हा रंगही बाहेर फेकतो. ज्या पेशीचा पंप जोरात तिचा डीएनए कमी दिसतो. एकाच गाठीत पंप कमी-जास्त असतात, त्यामुळे जी-१चा पीक डावीकडे पसरतो आणि तो ना डीएनए सांगतो ना सेल सायकल. ड्रॅक-५ हा रंग लाल लेझरवर चालतो, आरएनएझ लागत नाही, सोयीचा आहे, पण बारीक डीएनए इंडेक्स काढायला मी तो घेणार नाही.

एक प्रश्न हमखास येतो, म्हणून लिहिते. स्तनाच्या कॅन्सरमध्ये एस फेजच्या टक्क्यांवरून रुग्णाचं भविष्य सांगता येईल का? अमेरिकेच्या क्लिनिकल ऑन्कॉलॉजी सोसायटीने २००७च्या सूचनांत स्पष्ट म्हटलंय की त्यासाठी पुरेसा आधार नाही. तेव्हा संशोधनासाठी जरूर मोजा, रुग्णाच्या फाइलमध्ये तो आकडा घालून उपचार ठरवू नका.

मागवताना काय घ्याल? निळ्या लेझरचं मशीन, सेल लाइनवर औषधांचे प्रयोग आणि सॅम्पल भरपूर असतील, तर २५ मिलिग्रॅम पीआय पावडर, डीएनएझ-मुक्त आरएनएझ आणि मोजणीसाठी एक चांगला हिमोसायटोमीटर. सॅम्पल थोडी असतील तर तयार बाटली, पण ती ३७ अंशावर अर्धा तास ठेवायची. गाठीचे तुकडे येत असतील तर पावडर आणि व्हिंडेलॉवची तीन द्रावणं. रंगवलेली ट्यूब आणि रंगाचं उरलेलं द्रावण सिंकमध्ये ओतू नका, पीआयचा वेगळा डबा ठेवा, त्यावर मार्करने ठळक लिहा आणि तो घातक कचरा उचलणाऱ्यांकडेच द्या. साफसफाई करणाऱ्या मावशींना तो डबा दाखवून ठेवा, आणि त्याला हात लावायचा नाही हे त्यांना स्वतः जाऊन सांगा.